साक्षीदाराचा रिकामा पिंजरा : १९८० नंतरच्या सूडपटांविषयी



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत सूडपटांवर बोलायचे म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. सुरे, कुऱ्हाडी आणि रक्त यांचा साहित्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारावा. पण १९८० ते १९८७ या काळात, थोडक्या पैशांत आणि बहुधा बिनचेहऱ्याच्या नटांना घेऊन निघालेल्या हिंदी सूडपटांची मुळे शोधू लागलो, तर आपण वारंवार मराठी घरातच येऊन पोहोचतो. 'आक्रोश' विजय तेंडुलकरांनी लिहिला. 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर उभा आहे. 'अंकुश' आणि 'प्रतिघात' यांचे दिग्दर्शक एन. चंद्रा म्हणजे मुंबईचे चंद्रशेखर नार्वेकर. आणि 'अंकुश'मधला सूड घेणारा तरुण, नाना पाटेकर, मराठी रंगभूमीवरून तिथे गेला. तेव्हा हा विषय परका नाही. हैदराबादकर मराठी माणसाला तर तो दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. ते का, हे पुढे येईलच.

सामान्य माणसाने कायदा हातात घेतल्याची कथा जगभर सांगितली गेली. तिचा सर्वांत गाजलेला अमेरिकन नमुना म्हणजे १९७४ चा 'डेथ विश'. न्यूयॉर्कमधल्या एका वास्तुविशारदाच्या घरात गुंड शिरतात, त्यांच्या हल्ल्यात त्याची पत्नी मरते, मुलगी मनाने उद्ध्वस्त होते. आणि हा सभ्य गृहस्थ रात्री पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरतो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मूळ गुन्हेगार त्याला कधीच सापडत नाहीत. तो मारतो ते दुसऱ्याच चोरांना. शेवटी तो शहर सोडतो आणि नव्या शहराच्या स्टेशनावर उतरल्यावर काही टवाळांकडे बोटांचे पिस्तूल रोखून हसतो. ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला होता तिचे लेखक ब्रायन गारफील्ड यांना हे हसू रुचले नाही. आपण लिहिलेली कथा माणसाच्या ऱ्हासाची होती आणि पडद्यावर तिचा गौरव झाला, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी १९७५ मध्ये 'डेथ सेंटेन्स' ही पुढची कादंबरी लिहिली.

हा तपशील सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडच्या ज्या चित्रपटांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यात ते हसू नाही. आपण मात्र ते असल्यासारखे हे चित्रपट पाहिले. आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

आता थोडे मागे जाऊ. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा त्या निकालातला तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली. हे पत्र लक्षात ठेवावे. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

त्या वादळात, १९८० मध्ये, गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आला. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू हा आदिवासी मजूर न्यायालयात एक अक्षर बोलत नाही. त्याच्या बाजूने उभा राहिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी साक्षीदार शोधत फिरतो. गावात सत्य सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलणारा एकही नाही. अखेर बापाच्या चितेला अग्नी द्यायला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो, आणि ती पडते स्वतःच्या बहिणीवर. पत्नीचे जे झाले ते हिचे होऊ नये म्हणून. सूडाची कुऱ्हाड शत्रूपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांच्या हाती सत्ता आहे ते तिच्या टप्प्याबाहेर उभे आहेत.

तीन वर्षांनी 'अर्धसत्य' आला. तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद, दिलीप चित्र्यांची कविता. फौजदार अनंत वेलणकर हा कायद्याचाच माणूस आहे. त्याला रामा शेट्टी या गुंडाला हात लावता येत नाही, म्हणून त्याचा राग कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो आणि तो चोर मरतो. पुढे वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा प्रेक्षकाला बरे वाटते. पण त्याच हातांनी आधी एक दुबळा माणूस मारलेला आहे, हे चित्रपट विसरू देत नाही. त्या चोराला मात्र आपण आज विसरलो आहोत. रामा शेट्टीचे नाव आठवते, चोराचे आठवत नाही.

याच सुमारास मुंबईत एक मोठी उलथापालथ झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर लालबाग-परळच्या घरांतली चूलही. बापाच्या जागी गिरणीत चिकटायचे, ही मुलांच्या आयुष्याची ठरलेली वाट बंद झाली. नाक्यावर उभे राहणारे तरुण वाढले. वाटेने जाणारी माणसे त्यांना टाळू लागली.

१९८६ चा 'अंकुश' संपाची कथा सांगत नाही, पण तो याच नाक्यावर उभा आहे. चार बेकार तरुण. त्यांना घरात मान नाही, बाहेर काम नाही. वस्तीत आजीबरोबर राहायला आलेली अनिता त्यांना माणसात आणते. त्यांच्याशी नीट बोलणारी, त्यांच्यावर विश्वास टाकणारी ती पहिलीच. मग पैसेवाली माणसे तिच्यावर सामूहिक बलात्कार करतात. खटला उभा राहतो, आरोपी सुटतात, आणि अनिता आत्महत्या करते. चौघे त्या माणसांना एकेक करून संपवतात. इथवरची गोष्ट पुष्कळांना आठवते. पण चित्रपट इथे संपत नाही. चौघांवर खटला चालतो आणि चौघेही फासावर जातात.

या शेवटाचा विचार करावा. ज्यांना सोडण्यात न्यायालयाला पुरावा अपुरा पडला, त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा देताना तो पुरेसा ठरला. दिग्दर्शकाला चौघांना पळवता आले असते. मोठ्या नटांच्या चित्रपटांत तशी सोय असते. पण चार अनोळखी चेहरे आणि थोडे पैसे घेऊन काम करणाऱ्याला एक स्वातंत्र्य मिळते : नायकाला वाचवायची सक्ती त्याच्यावर नसते. १९७३ च्या 'जंजीर'पासून पडद्यावरचा संतप्त तरुण लोकप्रिय होताच, पण त्याच्या संतापाभोवती मोठ्या नटाचे वलय होते. 'अंकुश'मधल्या पोरांना ते वलय नव्हते. ती तुमच्या-आमच्या चाळीतली वाटत, म्हणून त्यांचा फासही खरा वाटला.

आणखी एक गोष्ट. याच चित्रपटासाठी अभिलाष यांनी लिहिलेली, कुलदीप सिंग यांनी स्वरबद्ध केलेली आणि सुषमा श्रेष्ठ व पुष्पा पागधरे यांनी गायलेली प्रार्थना पुढे देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. आपल्या नातवंडांनीही ती म्हटली असेल. मनाचा विश्वास डळमळू नये, पाऊल वाकडे पडू नये, असे मागणे मागणारी ही प्रार्थना खून करून फासावर गेलेल्या मुलांच्या चित्रपटातली आहे, हे किती जणांना ठाऊक असते? प्रार्थना घरात आली. फास बाहेर राहिला.

नाना पाटेकरांविषयी बोलताना जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकाचा उल्लेख टाळता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांनी बसवलेल्या या नाटकात नाना गुलाबराव होते. एका शिक्षकाच्या मुलीवर, अंबिकेवर, बलात्कार करणारा पुढारी. तिथेही न्यायाची वाट बंद होते आणि शेवटी अंबिका स्वतःच त्याला जन्माची शिक्षा देते. एकच नट काही वर्षांच्या अंतराने गुन्हेगार आणि सूड घेणारा, दोन्ही झाला. त्या काळातल्या मराठी मनाला हा प्रश्न किती छळत होता, त्याची ही खूण आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. १९८५ मध्ये रामोजी राव यांनी निर्माण केलेला, टी. कृष्णा दिग्दर्शित 'प्रतिघटना' हा तेलुगू चित्रपट आला. विजयशांतीने त्यात शिक्षिकेची भूमिका केली होती. १९८७ मध्ये एन. चंद्रांनी तो हिंदीत 'प्रतिघात' म्हणून केला. सुजाता मेहता नायिका होती. भर रस्त्यात काली नावाचा गुंड पोलीस अधिकाऱ्याचा खून करतो. पाहणारे अनेक; साक्ष द्यायला तयार होते ती एकटी शिक्षिका. त्याची शिक्षा म्हणून काली तिला रस्त्यावर, लोकांदेखत विवस्त्र करतो, आणि तेव्हाही सगळे पाहत राहतात. शेवटी भर सभेत तिच्या हातातली कुऱ्हाड कालीवर पडते.

या सगळ्या चित्रपटांतला समान धागा सूडाचा आहे असे आपण म्हणतो. मला तो साक्षीचा वाटतो. 'आक्रोश'मध्ये गाव गप्प, 'अंकुश'मध्ये न्यायालयाला पुरावा पुरत नाही, 'प्रतिघात'मध्ये साक्ष देणारीच उघडी पडते. साक्षीदाराचा पिंजरा रिकामा राहतो तेव्हा कुऱ्हाड उचलली जाते. म्हणजे या चित्रपटांचा रोख गुंडावर आहे तितकाच खिडकीतून बघणाऱ्या सभ्य घरांवर आहे. ती सभ्य घरे आपली आहेत. तिकीट काढून आपण टाळ्या वाजवल्या, त्या कुऱ्हाडीला. खिडकी आपली होती, हे ध्यानात आले नाही.

पडद्यावरचे पुढे प्रत्यक्षात उतरले. ऑगस्ट २००४ मध्ये नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने, वर्षानुवर्षे वस्तीला छळणाऱ्या एका गुंडाला ठार केले. त्यांच्या तक्रारी त्याआधी कोणी ऐकल्या नव्हत्या. दहा वर्षांनी खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. इथेही पिंजरा रिकामाच राहिला, फक्त या वेळी दुसऱ्या बाजूने. त्या बायकांना दोष देण्याचा अधिकार, त्यांच्या तक्रारी आधी ऐकल्या असत्या त्यांनाच असता.

आणि मग २०१९. नोव्हेंबरमध्ये शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्य महिलेवर बलात्कार करून तिचा खून झाला. ६ डिसेंबरच्या पहाटे शादनगरजवळ चटनपल्ली इथे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. त्या जागी जमलेल्या लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. शहरातली सुशिक्षित घरेही त्या दिवशी समाधानी होती. हे आपण एकमेकांत कबूल करायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये उघड झालेल्या त्याच्या अहवालात म्हटले आहे की, पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वासार्ह नाही, आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. जमावाची हत्या जशी मान्य होऊ शकत नाही, तसा झटपट न्यायही नाही, असे आयोगाने बजावले. पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही केली.

इथे 'अंकुश'शी ताडून पाहावे. त्या चौघांनी स्वतःच्या जिवाची किंमत मोजून सूड घेतला होता. चटनपल्लीला कोणी किंमत मोजली नाही. आरोपींचा अपराध न्यायालयात सिद्ध करण्याची वेळच येऊ दिली नाही. 'अर्धसत्य'मधल्या कोठडीतल्या चोराचीच ही गोष्ट आहे. आपण मात्र तिला 'प्रतिघात'चा शेवट समजून फुले वाहिली.

हैदराबादच्या मराठी समाजाचा कायद्याशी जुना संबंध आहे. विवेकवर्धिनीच्या संस्थापकांतले केशवराव कोरटकर वकील होते आणि पुढे न्यायमूर्ती झाले. सुलतान बाजार-काचीगुड्याच्या कितीतरी घरांत काळा कोट खुंटीला टांगलेला असे. त्या परंपरेतल्या माणसांना हे सांगायला हवे असे नाही. तरी सांगतो, कारण त्या पहाटे आपणही विसरलो होतो.

आता त्या चार अध्यापकांच्या पत्राकडे. त्यांनी कोणाला मारले नाही. त्यांनी निकाल वाचला, त्यातली चूक दाखवली आणि खाली आपली नावे लिहिली. चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. त्या मुलीला स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. नंतर आलेल्या स्त्रियांना झाला. यावर सूडपट निघत नाही. त्यात कुऱ्हाड नाही, टाळ्या घेण्याची जागा नाही.

पण आजवरच्या या सगळ्या इतिहासात कायद्याला एक पाऊल पुढे नेणारी कृती हीच होती. 'अंकुश' पुन्हा बघाल तेव्हा शेवटपर्यंत बघा, एवढीच विनंती. फासाचा भाग आल्यावर उठू नका.