वऱ्हाडचा उन्हाळा आणि अंगणातील बालक

वैशाखातील वऱ्हाड प्रांत ज्यांनी पाहिला आहे, त्यांस तेथील उन्हाचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. आणि ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांस ते सांगून पटणार नाही. अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर चढला, ही गोष्ट तेथील माणसांस वार्ता म्हणून वाटतच नाही. वडील माणसे डोईवर ओला पंचा घेऊन आपापली कामे उरकतात. परंतु नुकतेच पाऊल टाकू लागलेले, दीड-दोन वर्षांचे मूल अशा दिवसांत कोठे खेळत असे, घरची मंडळी त्यास घेऊन कोठे जात असत, ह्याचा शोध करू जाता इतिहासाची दप्तरे मुकी होतात. कापसाच्या गाठी किती निघाल्या, सरकीस भाव काय आला, हे इंग्रजी अमदानीत बारकाईने नोंदले गेले. मुलाच्या पायांखाली तापलेली फरशी होती की शिंपडलेले अंगण, हे नोंदावे असे कोणास वाटले नाही. तरी तलाव, रस्ते आणि आगगाडी ह्यांच्या इतिहासात त्या मुलाची पावले उमटलेली आहेतच.

पहिले पाऊल अंगणात सापडते. दिवसा जाड भिंतींच्या घरात दारे लोटून, खिडकीस वाळ्याचा ताट्या लावून मुलास निजवावयाचे, आणि उन्हे उतरली की अंगणात पाणी शिंपून त्यास बाहेर सोडावयाचे, हा वऱ्हाडी गृहिणीचा पिढीजात क्रम. ओल्या मातीचा वास सुटला की घरातील सर्वांत लहान जीव सर्वांच्या आधी उंबरठ्याशी येई. तेथे सुताराने केलेला तीन चाकांचा पांगुळगाडा असे, तान्ह्या पोळ्यास मिळालेला आणि वर्षभर ओढून शिंग मोडलेला लाकडी बैल असे, आणि सकाळपासून उन्हात ठेवल्याने पाणी कोमट झालेले गंगाळ असे. ह्या गंगाळात हात बुडवून पाणी भूमीवर टाकावे आणि त्याचा चिखल झालेला पाहून हसावे, ह्याहून मोठा खेळ त्या वयास लागत नाही. पुढे विद्वानांनी पाणी, माती आणि वाळू ह्यांस बालशिक्षणाची साधने म्हणून मान्यता दिली. आजीबाईंस ती आधीच ठाऊक होती, एवढेच.

सहल म्हणाल तर ती मळ्याची. पहाटे दमणी जुंपावी, तीत गोधडी पसरून मुले बसवावी, आणि ऊन चढण्यापूर्वी विहिरीजवळची आमराई गाठावी. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले जात, चुलीवर वांग्याची भाजी शिजे, आणि तोवर मूल पाटाच्या पाण्यात पाय घालून बसे. हा बेत देवदर्शनास जोडलेला असला तर घरातील वृद्धांचीही हरकत उरत नसे. निव्वळ मौजेसाठी घराबाहेर पडणे त्या काळी काहीसे उथळपणाचे मानले जाई. म्हणून देवास पुढे करून मुलाबाळांनी मौज साधली, ह्यात वावगे काही नाही.

मळा नसलेल्या नोकरदार घरांचा प्रश्न निराळा होता. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली आणि तिच्या मार्गावरील अकोला, बडनेरा ही स्थानके कापसाच्या व्यापाराने गजबजली. वकील, कारकून, शिक्षक अशी मंडळी ह्या शहरांतून भाड्याच्या घरांत राहू लागली. त्यांस ना वावर, ना विहीर. त्यांच्या मुलांस बाग मिळाली ती पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमरावतीस छत्री तलाव आणि वडाळीचा तलाव बांधले गेले. त्यांतील वडाळीचे पाणी मुख्यत्वे कॅम्प विभागासाठी होते. बांधणाऱ्यांच्या मनात नळ होते, मुले नव्हती. परंतु उन्हाने भाजलेल्या माणसास पाणी दिसले की त्याची पावले तिकडे वळतातच. तलावाच्या बांधावर सायंकाळी बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे येऊन बसू लागली, आणि आजही बसतात. वडाळीजवळ वनखात्याने पुढे बांबूचे उद्यान केले. अकोलेकरांस तसाच कापशीचा तलाव. कॅम्पातील बंगल्यांच्या हिरवळीवर आयांनी ढकललेली बाबागाडी आणि गावातील अंगणात घरंगळणारा पांगुळगाडा, ह्या दोहोंतील अंतर मात्र त्या तलावांनीही पुष्कळ वर्षे मिटवले नाही.

सर्वांत लांबची सहल चिखलदऱ्याची. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन ह्याने हे स्थळ इंग्रजांच्या नजरेस आणले. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीचे हे पठार, कॉफीचे मळे आणि शेजारी गाविलगड. प्रारंभी तेथील गारवा साहेबांचा आणि धनिकांचा होता. अकोल्याकडून येणारास मूर्तिजापुरास उतरून अचलपूरच्या छोट्या रुळांच्या गाडीत बसावे लागे. सुमारे ७६ किलोमीटरांचा तो प्रवास ती गाडी इतक्या सावकाश करी की थोरांचा जीव मेटाकुटीस येई. लहानांस मात्र ती गाडीच सहल वाटे. पुढे ती बंद पडली. घाटातून मोटारी धावू लागल्या आणि सामान्य घरांतील मुलांनीही मे महिन्यात अंगावर शाल घेण्याची अपूर्वाई अनुभवली.

ह्याच अमरावतीत, १९१५ साली विवाह होऊन, एक पदवीधर तरुणी राहावयास आली. ताराबाई मोडक हे तिचे नाव. यजमान वकील होते. तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्यांनी अमरावती सोडली, राजकोटास अध्यापिका-महाविद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले, आणि १९२३ साली लहानग्या मुलीसह भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात त्या गेल्या. फ्रोबेल ह्या जर्मन गृहस्थाने १८४० साली आपल्या शिशुशाळेस ‘मुलांची बाग’ असेच नाव दिले होते; माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले होते. ते विचार ताराबाईंनी आपलेसे केले, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. पण तेथील साधने महाग होती आणि मुले बहुतांशी सुस्थितीतील घरांची होती, ही बोच त्यांस लागून राहिली.

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. तेथे बालवाडी काढली, तर गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी शाळाच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, पाने, काटक्या हीच साधने. आधी मुलांस न्हाऊ घालावयाचे, मग खेळ. बागेवाचून अडलेले काम अंगणाने पुढे नेले, आणि ‘अंगण बालवाडी’ असे त्याचे नामकरण झाले.

अंगणवाडी हा शब्द पुढे सरकारनेही उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील एक ठिकाण होते धारणी, अमरावती जिल्ह्यातले, मेळघाटातले. ज्या डोंगरांच्या गारव्यास शहरांतील बालके उन्हाळ्यात नेली जात, त्याच डोंगरांतले. योजना आली म्हणून पोटे भरली असे झाले नाही. १९९३ साली मेळघाटातील कोरकू बालके कुपोषणाने दगावल्याच्या वार्तांनी सारा महाराष्ट्र हादरला. गारवा घेऊन परतणाऱ्या गाड्या त्याच रस्त्याने गेल्या होत्या, आणि रस्त्यालगतच्या झोपड्यांत कोणी डोकावले नव्हते.

कोरकू मुलाची उन्हाळ्यातील सहल निराळीच. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की आई उजाडण्यापूर्वी रानात निघते आणि मूल फडक्यात बांधून बरोबर नेते. झाडाखाली त्यास वाळल्या पानांवर बसवून ती फुले वेचते. मूलही एखादे फूल उचलते, पाहते, तोंडात घालते, एखादे टोपलीत टाकते. ऊन पानांतून खाली उतरू लागले की दोघे परततात, आणि टोपलीतली फुले अंगणात वाळत पडतात.