अँटेना उतरला, कुणी विचारलं नाही

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यातही चित्र दिसू लागलं. मग काय, आम्ही गच्चीवर अँटेना फिरवायचो आणि ओरडायचो, "आलं का?" खालून उत्तर यायचं, "मुंग्याच आहेत अजून!" पण दरमहा बिल नव्हतं.

नंतर केबल आली. २०११ च्या कायदादुरुस्तीने ती डिजिटल करायचं ठरलं. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे-नाशिक-नागपूरला ३१ मार्च २०१३ अशा मुदती पडल्या. सेट टॉप बॉक्ससाठी केवढी धावपळ!

दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग मनोरे मात्र २०२१-२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या, त्याबद्दल तक्रार नाहीच. फ्री डिशला मासिक भाडं नाही, हेही खरं. पण तबकडी आणि बॉक्स घ्यावाच लागतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं होतं. मग मनोरे बंद करून मोकळ्या झालेल्या लहरींचं काय करायचं, हे मालकांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, कुणी विचारलं का? आणि आपण तरी कुठे विचारलं?