थांबलेला खटला, न थांबलेली कैद

निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय एकेकाळी आपल्या जालन्यात होते. १९५३ साली ते हैदराबादला हलले. पुढे महाराष्ट्राची चार मनोरुग्णालये राहिली ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत.

मानसिक आजारामुळे स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या आरोपीचा खटला पुढे ढकलावा, हा नियम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, १९७३ च्याही होता. पण खटला थांबला म्हणून कैद थांबतेच असे नाही. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली. १९६७ मध्ये डॉक्टरांनी त्यांना बरे ठरवले. सुटका मात्र २००५ मध्ये झाली. त्यानंतर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की अशा आरोपींचा अहवाल वेळोवेळी न्यायालयात गेलाच पाहिजे.

दया म्हणून केलेल्या नियमाचीही कुणीतरी आठवण ठेवावी लागते.