डोकं कुणी तोडलं?

मागच्या पावसाळ्यात इतिहासाचे सर रजेवर होते आणि आठवीचा त्यांचा एक तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, इतिहास नाही. पण ऑफ तासाला मुलांना नुसतं गप्प बसवण्यापेक्षा काहीतरी दाखवावं म्हणून इनामगावच्या उत्खननातल्या वस्तूंचे फोटो पडद्यावर लावले. रंगवलेली मडकी झाली, तांब्याच्या वस्तू झाल्या आणि मग आली मातीची एक छोटी, ओबडधोबड बाई. तिला डोकं नव्हतं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, हिचं डोकं कुणी तोडलं?"

मागून आवाज आला, "कुणी म्हणजे काय? माहितेय की!" दोघं-तिघं हसले. एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

मी म्हणालो, "कुणीच नाही." तेवढ्यात घंटा झाली.

मुलं वाईट नाहीत. वारणाकाठच्या गावांतली, शेतकऱ्यांची, साखर कारखान्यातल्या आणि वीटभट्टीवरच्या कामगारांची मुलं आहेत. माझ्या घरी ईदला शीरखुर्मा प्यायला येतात. जे मोबाइलवर ऐकलं ते बोलून गेली. पण माझं दोन शब्दांचं उत्तर मलाच अपुरं वाटलं. पुरं उत्तर द्यायचं तर आधी इनामगावला जायला हवं.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं खोदकाम केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांची नावं त्या कामाशी कायमची जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथं वस्ती होती. ही माणसं मातीच्या भिंतींच्या घरांत राहत, जव पिकवत, गुरं पाळत, दगडाची आणि थोडी तांब्याची हत्यारं वापरत. लाल मडक्यांवर काळ्या रंगानं नक्षी काढत. महाराष्ट्रातले जुन्यात जुने शेतकरी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांतले हे.

त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी पुरलेली सापडली, झाकणासकट. काळ इसवी सनापूर्वी १३०० च्या आसपासचा. डबीत एक स्त्रीमूर्ती होती. तिच्या बरोबरीनं आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. या दुसऱ्या मूर्तीला डोकं नव्हतं. तिच्या पोटाला एक भोक होतं आणि बैलाच्या पाठीलाही एक भोक होतं. दोन्हींत एक काडी घातली की बाई बैलावर बरोबर बसते. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं.

आता हिशेब करा. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ साली. ही बाई त्याच्या सुमारे २६०० वर्षं आधी जमिनीखाली गेली होती. मक्केत इस्लामचा पैगाम यायलाही तेव्हा जवळपास १९०० वर्षं बाकी होती. शिवाय ती कुणी फेकून दिलेली नव्हती. डबीसोबत, बैलासोबत, घरातच जपून पुरलेली होती. इनामगावात डोकं असलेल्या स्त्रीमूर्तीही मिळाल्या आहेत, म्हणजे डोकं घडवता येत नव्हतं असंही नाही. अभ्यासकांनी ही मूर्ती मोडकी मानलेली नाही. घडवणाऱ्या हातानंच तिला डोकं दिलेलं नाही.

का दिलं नाही? ढवळीकरांनी तिचा संबंध मूल होण्याशी आणि मुलांच्या रक्षणाशी जोडून पाहिला. त्यामागं कारण आहे. इनामगावात सापडलेल्या दफनांत लहान मुलांची संख्या मोठी आहे. मूल गेलं की दोन मातीचे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात त्या जिवाला निजवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. त्याच जमिनीवर आई चूल पेटवायची आणि पुढचं मूल रांगायचं. अशा घरातली बाई बैलावर बसलेल्या देवीकडे काय मागत असेल, ते समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. माझा धाकटा भाऊ तान्हेपणी आजारी पडला तेव्हा आमच्या अम्मीनं दर्ग्याला लाकडी पाळणा बांधला होता. शेजारच्या काकूंनी त्याच्यासाठीच सटवाईला नारळ फोडला. दोघींची भीती एकच होती.

बिनडोक्याची देवी पुढंही आपल्याकडे दिसत राहते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लज्जागौरीच्या मूर्ती मिळाल्या. तिच्या धडावर डोक्याच्या जागी अनेकदा कमळ असतं. सांकळियांनी १९६० मध्ये या देवीवर लेख लिहिला, रा. चिं. ढेरे यांनी तर 'लज्जागौरी' हा ग्रंथच लिहिला. उलट माहूरला रेणुकेचा फक्त मुखवटा पुजला जातो, खाली धड नाही. तिथं कुणी विचारत नाही की धड कुणी पळवलं.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, आजच्या मेक्सिको सिटीजवळ, त्लातिल्को नावाची वस्ती होती. कोलंबस तिकडं पोचायच्या अडीच हजारांहून जास्त वर्षं आधीची. तिथले लोकही मातीच्या छोट्या बायका घडवत आणि मेलेल्या माणसांबरोबर पुरत. १९३० च्या दशकात त्या उजेडात आल्या, त्या विटांसाठी माती खणणाऱ्या मजुरांमुळे. मिगेल कोवारुबियास या चित्रकारानं त्या मजुरांकडून विकत घेतल्या आणि मग जगाचं लक्ष गेलं. गंमत अशी की त्यातल्या काही बायकांना दोन डोकी आहेत. दुसरं डोकं कुणी चिकटवलं, असा संशय कुणी कुणावर घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. माणसं विचारतात की या लोकांच्या मनात काय होतं. तोच प्रश्न आपण आपल्या बाईबद्दल विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मध्ययुगात मंदिरं फोडली गेली, मूर्ती तोडल्या गेल्या, हे मी नाकारत नाही. इतिहास शिकायचा तर तेही शिकायला हवं, साल आणि कारण यांच्यासकट. पण प्रत्येक अपुऱ्या मूर्तीमागं एकच हात पाहायचा, ही सवय इतिहासाची नाही.

आपल्यातल्या काही भावांशीही मला बोलायचं आहे. एका पालकानं मला नंतर गाठून विचारलं, "सर, आपण बुतांचे फोटो कशाला दाखवायचे?" त्यांना मी झेड. डी. अन्सारींचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. अन्सारी सांकळियांबरोबर नेवाशाला होते, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाला. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी नावडातोलीला होते, राजस्थानात आहाडला होते आणि मग इनामगावला. या उत्खननांच्या अहवालांवर त्यांचं नाव आहे. जिचं डोकं आपण तोडलं असं आज वर्गात कुणी हसत म्हणतं, ती बाई जमिनीतून जपून बाहेर काढणाऱ्यांत एक अन्सारी होता. आणि कुराणात तर जमिनीवर फिरा, आधी होऊन गेलेल्या कौमांचं काय झालं ते पाहा, असं पुन्हा पुन्हा बजावलेलं आहे. पाहणं म्हणजे पूजणं नव्हे.

पुढच्या आठवड्यात मी तो तास मागून घेतला. जाताना बेंदराचा मातीचा बैल बरोबर नेला. आमचे अब्बा शेतकरी. बेंदराला आमच्या बैलांची शिंगं ते हौसेनं रंगवायचे, आणि कुंभारकाकी मला खेळायला मातीचा एक बैल द्यायच्या. तो पावसात चार दिवसांत विरघळायचा. मुलांना विचारलं, हा भाजलेला का नाही? मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, बेंदराचे बैल भाजत नाहीत. सण झाला की ते मातीतच जायचे असतात."

मग मी इनामगावचा फोटो पुन्हा लावला. सांगितलं, की या लोकांना मडकी पक्की भाजता येत होती, तरी ही बाई आणि हा बैल त्यांनी कच्चाच ठेवला. मुलगा बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, डोकं नव्हतंच."

"नव्हतंच," मी म्हणालो. या वेळी घंटा व्हायला अजून अर्धा तास होता. मग आम्ही त्या घरात कोण कोण राहत असेल, यावर बोललो.