नानांच्या गोळ्या आणि आत्याच्या

परवा आईशी फोनवर बोलताना नानांचा विषय निघाला. घरातल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच, १९६८ च्या सुमारास आमचे हे चुलते रात्री-अपरात्री शेतात कुणाशी तरी बोलत बसायचे. भानामती म्हणून देवऋषी झाला, गंडेदोरे झाले, मग साखळी, आणि शेवटी येरवडा. मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ म्हणून आमच्या बीडकडच्या माणसांना तेवढं एकच नाव ठाऊक. (निजामाच्या राज्यात असं इस्पितळ काही काळ जालन्याला होतं. ते पुढे हैदराबादला एर्रागड्ड्याला गेलं. जवळ होतं तेही गेलं!)

१९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिलं आणि असे रुग्ण घरी राहूनही सांभाळता येतात हे हळूहळू दिसू लागलं. पण गोळ्या लिहून देणारा डॉक्टर जवळ हवा ना? १९७४ मध्ये अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आलं, पुढे तिथे मनोविकारांची ओपीडी आली आणि नानांची येरवड्याची वारी संपली.

१९८६ मध्ये मी कॉलेजात होतो, महिन्याला त्यांना घेऊन जायचो. सोबत आत्या, भाकरीचं गाठोडं घेऊन. बाकावर बसून मी लोक बघायचो. नानांसारख्यांना कुणीतरी धरून आणलेलं असायचं. "मला काय झालंय?" असं ते म्हणायचे, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं नातेवाईक द्यायचे. दुसरे आपल्या पायांनी यायचे, पण मनाचं नाव न काढता. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, झोप नाही. ते इथवर यायचे तेच मुळी दहा ठिकाणी सुया आणि सलाइन घेऊन.

आमची आत्या त्यातलीच, हे आम्हाला कळलंच नव्हतं. एकदा डॉक्टरांनी सहज तिलाच विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" ती रडायलाच लागली. पंधरा वर्षांचं डोकेदुखीचं दुखणं. तिलाही गोळ्या लिहून दिल्या.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यात महाराष्ट्र नव्हता) तीव्र आजारांच्या सुमारे ७४ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते, सौम्य म्हणवल्या जाणाऱ्यांत ८५ टक्के. 'सौम्य' हा शब्दच मला खटकतो. २०१५ मध्ये सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, १४ जिल्ह्यांत, त्यात बीडही. आशाताई घरोघरी जाऊन विचारू लागल्या. पण दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, तेव्हा गोळ्या कुणाच्या टोपलीत जाणार?

असो. नानांच्या गोळ्या रोज रात्री घरातलं कुणीतरी मोजून द्यायचं, ते ९१ साली गेले तोपर्यंत. आत्याच्या सासरी म्हणाले, "हिला काय येड लागलंय का?" दोन महिन्यांत तिच्या गोळ्या बंद. ती गेल्यावर आईला तिच्या कोनाड्यात, हळदीकुंकवाच्या डबीमागे, अर्धी पट्टी सापडली. हे आईने मला परवा पहिल्यांदा सांगितलं.