म्हशींसाठी वसवलेलं गाव

माझे वडील गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत स्टॉकमन होते, त्यामुळे मी मुंबईत वाढले असं म्हणायला मला जड जातं. मी वाढले ते एका शेतकी गावात. बस चेकनाका ओलांडून आत शिरली की ओलं शेण, भिजवलेली सरकी पेंड आणि नुकतंच कापलेलं पॅरा गवत यांचा एकत्र वास येई. पाहुणे नाकाला रुमाल लावत, आम्हाला घर आल्याचं कळे.

हे गाव वसलं ते शहराच्या गरजेतून. चाळिशीच्या दशकात मुंबईचे तबेले भर वस्तीत होते. दुधात पाणी सर्रास पडे. त्याहून वाईट म्हणजे, म्हैस आटली की पुढच्या वेतापर्यंत तिला पोसायला जागाही नसे आणि ते परवडतही नसे. धष्टपुष्ट जनावर तसंच कसायाकडे जाई. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी तबेले शहराबाहेर हलवण्याचा ध्यास घेतला आणि १९४९ साली सुमारे ३,१६० एकरांवर आरे उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरू इथे येऊन गेले. पुढे १९६३ साली खुरोडींना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन सगळ्यांना ठाऊक आहेत, खुरोडींचं नाव मात्र गोरेगावकरांनाही सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

व्यवहार साधा होता. म्हैस मालकाची, गोठा सरकारचा. पाणी, हिरवी वैरण आणि गुरांचा डॉक्टर वसाहतीचा. मालकाने गोठ्याचं भाडं भरायचं आणि दूध सरकारी दराने डेअरीला घालायचं. गोठ्यांची तीसएक युनिटं आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, म्हणून त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तीन टक्क्यांचं टोन्ड दूध केलं जाई. तेवढ्याच म्हशींवर जास्त घरं भागत आणि गरिबाला दूध परवडे. पहाटे केंद्रावर कार्ड दाखवायचं, रिकाम्या काचेच्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. केंद्र सांभाळायला पुष्कळदा कॉलेजात शिकणारी मुलं-मुली असत; त्या पगारावर कितीतरी जणांच्या फिया भरल्या गेल्या.

आमच्याकडे क्वार्टर्स होती, शाळा होती, दवाखाना होता, आणि रविवारी सगळी मुंबई जिथे होडीत बसायला येई ते छोटा काश्मीरही होतं. १९७७ मध्ये शेजारी चित्रनगरी आली.

पण आरेची गोष्ट १९४९ पासून सांगितली की मला राहवत नाही. इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आधीपासून होते. केलटी पाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा... सत्तावीस पाडे आजही मोजले जातात. म्हशींना नळाचं पाणी मिळालं, गोठ्यात दिवे लागले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं यांतल्या काही पाड्यांत वीज पोचली नव्हती. ज्या वसाहतीने आम्हाला सगळं दिलं, तिने पाड्यांपर्यंत वीज न्यायचं काम करायला हवं होतं. तेव्हा ते सहज जमलं असतं.

पुढे सरकारी दर मालकांना पुरेना, दूध परस्पर बाहेर जाऊ लागलं, पिशव्या आल्या, बाटल्या गेल्या. जमीन या ना त्या कामासाठी तुटत राहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली, तेव्हा आरे देशभर माहीत झाली. ती जंगल म्हणून. दुधाचा उल्लेख फारसा कुणी केला नाही.

पाड्यांची शेती अजून आहे. पावसाळ्यात भात आणि परसात भाजी. पहिल्या सरींनंतर बायका रानातली शेवळं विकायला घेऊन बसतात. सोबत काकडाची फळं मागून घ्यावीत, त्यांच्याशिवाय शेवळांनी घसा खाजतो.