नित्य खर्चाची नेमणूक

जुन्या दप्तरांत कलावंतांस द्रव्य दिल्याच्या नोंदी विपुल सांपडतात. बारकाईनें पाहतां त्यांचे दोन वर्ग पडतात. बिदागी, बक्षीस, शेला-पागोटें हा एक वर्ग. वर्षासन, तनखा, इनाम, नेमणूक हा दुसरा. पहिल्या वर्गांतील द्रव्य प्रसंगाचें असतें. कीर्तन झालें, बिदागी मिळाली, व्यवहार संपला. दुसऱ्या वर्गांतील द्रव्य प्रसंगाची वाट पाहत नाहीं. देवस्थानाच्या सनदेंत पूजा, नैवेद्य व नंदादीप यांकरितां जी जमीन लावून दिलेली असते ती वर्षाच्या सर्व दिवसांसाठीं असते, आणि चौघडा वाजविणाऱ्यास जी नेमणूक असे तीही त्याच जातीची. इतिहासलेखकांनीं पहिल्या वर्गाचें वर्णन पुष्कळ केलें आहे, कारण त्यांत दात्याचें औदार्य उठून दिसतें. दुसऱ्या वर्गाकडे रुक्ष हिशेब म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. आमच्या मतें कलेची व विद्येची कोणती संस्था टिकली आणि कोणती मोडली, याचा उलगडा बहुतांशीं याच रुक्ष हिशेबांत होतो. तें दाखविण्यासाठीं सांगली, बडोदें, पुणें व तंजावर या चार ठिकाणचीं उदाहरणें येथें घेतलीं आहेत.

प्रथम सांगली. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळीचे खेळ पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं तसे खेळ मराठींत बसविण्याची आज्ञा विष्णु अमृत भावे यांस केली, व १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ हा खेळ झाला. हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. पण आप्पासाहेब १८५१ त निवर्तले तेव्हां काय झालें, हें आमच्या विषयास अधिक महत्त्वाचें. नट, पोशाख, साहित्य व तालमी यांचा भार एका धन्याच्या मर्जीवर होता. धनी गेला आणि तो आधार सुटला. भाव्यांस मंडळी घेऊन परमुलखीं फिरावें लागलें. १८५३ सालीं त्यांचे खेळ मुंबईस झाले, आणि तेथून पुढें प्रेक्षकांच्या पैशावर निर्वाह करण्याची वहिवाट पडली. यांतून धंदेवाईक नाटकमंडळ्या उदयास आल्या व मराठी रंगभूमि विस्तारली, हा लाभ लहान नव्हे. तथापि फिरत्या मंडळीस रोजचा गल्ला पाहिजे. जुनीं हस्तलिखितें, पडदे व जमाखर्चाच्या वह्या जपून ठेवण्यास तिच्यापाशीं जागा नसते आणि माणूसही नसतो. आरंभीच्या मंडळ्यांचे कागद संग्राहकांस इतके क्वचित् हातीं लागतात, त्याचें एक कारण हेंच असावें.

बडोद्याची व्यवस्था निराळी होती. तेथें गवई, वादक व नर्तकी यांस पगार देणारें ‘कलावंत कारखाना’ नांवाचें दरबारी खातें होतें. कारखाना हा शब्द येथें ‘अठरा कारखाने’ यांतील जुन्या अर्थानें घ्यावयाचा. सांगलीस जें मर्जीवर होतें तें येथें दप्तरांत चढलेलें होतें, एवढी प्रगति उघड आहे. परंतु हा कारखाना दरबारासाठीं असल्यामुळें त्याचें आयुष्यही दरबाराशींच बांधलेलें होतें. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं काढलेली गायनशाळा ही गोष्ट वेगळी. ती प्रजेच्या शिक्षणासाठीं होती. मौलाबक्ष १८९६ त वारले, तरी शाळा बंद पडली नाहीं, कारण शिक्षकांचे पगार संस्थापकाच्या हयातीवर अवलंबून नव्हते. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व दरबार संपला. शाळेचा वारसा मात्र त्याच वर्षीं स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे गेला, आणि तेथें संगीतनाट्यादि कलांची विद्याशाखा आजही चालू आहे. राजाश्रयाचें द्रव्य एकाच तिजोरींतून निघालें. पण राजाच्या करमणुकीस लागलें तें राजाबरोबर गेलें, आणि लोकांच्या शाळेस लागलें तें राज्य गेल्यावरही राहिलें.

आतां पुण्याकडे वळूं. पेशवे श्रावणमासांत शास्त्री-पंडितांस दक्षिणा वाटीत, व ती ज्याच्या त्याच्या ओंजळींत पडे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारानें ही वाटणी एकदम न मोडतां तिजकरितां सालीना ५०,००० रुपयांची रक्कम चालू ठेविली, आणि तिच्याच एका भागावर १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. ओंजळींतला पैसा येणेंप्रमाणें संस्थेच्या नित्य खर्चास लागला. या पाठशाळेचेंच पुढें १८५१ सालीं पुणें कॉलेज व त्यानंतर डेक्कन कॉलेज झालें. पाठशाळेच्या पोथ्या सरकारी संग्रहांत आल्या व ‘विश्रामबाग संग्रह’ या नांवानें आजही ओळखल्या जातात. १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृति विद्वानांकडून सरकारानें मिळविलेलीं हस्तलिखितें त्यांस मिळालीं, आणि तो समग्र ठेवा डेक्कन कॉलेजांत राहिला. १ एप्रिल १९१८ रोजीं तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. पोथ्यांबरोबर त्यांच्या जतनासाठीं सालीना ३,००० रुपयांचें अनुदानही सरकारानें लावून दिलें.

ही ३,००० रुपयांची बाब वाचकांनीं नजरेआड करूं नये. हजारों पोथ्या हातीं आल्या म्हणजे संग्रह झाला, असें समजणें सोपें आहे. बासनें, कपाटें, धुरी, वाळवी व ओल यांजवर नजर, याद्या करणारा कारकून आणि किल्ली बाळगणारा विश्वासू मनुष्य, हे सर्व खर्च पोथी आली त्या दिवशीं सुरू होतात व कधींच संपत नाहींत. १९३४ सालीं सरकारानें डेक्कन कॉलेज बंद केलें. माजी विद्यार्थ्यांनीं जमशेटजी जिजीभाई यांच्या जुन्या देणगीच्या अटींचा आधार घेऊन न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां १९३९ सालीं तें संशोधनसंस्थेच्या रूपानें पुन्हां उघडलें. मधल्या वर्षांत कॉलेजाच्या दाराला कुलूप असतांना पोथ्यांस धक्का लागला नाहीं, कारण त्या सोळा वर्षें आधींच स्वतंत्र व्यवस्थेखालीं गेल्या होत्या. कॉलेज वांचलें तेंही देणगीच्या कागदांत अट लिहिलेली होती म्हणून.

तंजावरचा सरस्वती महाल हेंच दुसऱ्या रीतीनें सांगतो. सरफोजी महाराज (दुसरे) यांनीं (१७९८–१८३२) वाढविलेला हा ग्रंथसंग्रह राजघराण्याच्या खाजगी खर्चावर चाले. १८५५ त शिवाजीराजे निपुत्रिक वारले व राज्य खालसा झालें. पुढें वाड्यांतील मालमत्तेविषयीं दीर्घ काल कज्जे चालले. अखेर ऑक्टोबर १९१८ त मद्रास सरकारानें संग्रह ताब्यांत घेऊन लोकांसाठीं व्यवस्था ठरविली. त्या वेळीं राजघराण्यांतील मंडळींनीं ग्रंथांबरोबर त्यांच्या निर्वाहासाठीं १,००,००० रुपयेही दिले. पुण्यास सरकारानें सालीना रक्कम दिली, तंजावरास दात्यांनींच मूळ निधि दिला. परंतु ठेवा व त्याचा खर्च हे दोन्ही एकत्र दिले पाहिजेत, ही समज दोन्हीकडे एकाच वर्षीं दिसून येते.

या समजुतीचें फळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत मिळालें. त्या कार्यासाठीं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लक्ष रुपयांचें वचन दिलें, आणि त्यांचें नांव त्या कार्याशीं कायमचें जोडलें गेलें तें योग्यच झालें. १९१९ त आरंभलेलें हें काम १९६६ त पुरें झालें. त्यासाठीं पाठ मिळविण्याचें एक केंद्र तंजावरास, सरस्वती महालांत होतें. लक्षाचें दान प्रसिद्ध आहे. तें दान ज्या पोथ्यांवर फळास आलें, त्या पोथ्या तोंपर्यंत वाळवीपासून राखणाऱ्या नेमणुकीचें नांव कोणी घेत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, व तो खोटा नाहीं. नित्य मिळणारें द्रव्य मनुष्यास आळशी करितें. सेवेसाठीं दिलेलें वतन सेवा सुटली तरी चालत राहिल्याचीं उदाहरणें आमच्या इतिहासांत थोडीं नाहींत. दक्षिणेचीही तीच गति झाली होती. म्हणूनच १८४९–५० च्या सुमारास लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं तिचा कांहीं भाग मराठी ग्रंथनिर्मितीस लावावा असा आग्रह धरिला, आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. उलट बाजूनें, ठरलेला आंकडा बदलला नाहीं तर तो महागाईंत विरून जातो. १९१८ चे ३,००० रुपये आज पोथ्यांच्या बासनांसही पुरावयाचे नाहींत. यावरून नेमणूक नसावी असें ठरत नाहीं. तिचा हिशेब दरसाल तपासावा, काम बंद असेल तर ती थांबवावी, काम चालू असेल तर कालमानानें वाढवावी, इतकें ठरतें. प्रत्येक नव्या प्रयोगासाठीं नवा अर्ज करावयास लावणें हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्या संस्थेचा कारकून वर्षभर अर्जच लिहीत बसतो, तिच्या याद्या कोण लिहिणार?

आमच्या वाचकांत हस्तलिखितांचे संग्राहक बरेच आहेत, म्हणून एक व्यवहाराची सूचना करितों. आपला संग्रह एखाद्या संस्थेस द्यावयाचा असल्यास त्याबरोबर त्याच्या जतनाची कांहींतरी तरतूद करावी, आणि ती कोणत्या कामासाठीं आहे हें दानपत्रांत स्पष्ट शब्दांत लिहावें. सरकारकडे मागणी करणाऱ्या संस्थांनींही इमारत व उत्सव यांच्या आधीं पगार, दिवाबत्ती व दुरुस्ती यांची मागणी मांडावी.

दुसरी विनंती संशोधनाची आहे. चौघडा, कीर्तनकार, गवई, चितारी किंवा पोथ्या लिहिणारे लेखक यांस चालू असलेल्या नेमणुकांच्या सनदा, ताकीदपत्रें व जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला करून प्रसिद्ध कराव्या. रक्कम, तिचें उत्पन्न ज्या गांवावर लावलें असेल तो गांव, आणि ती कोणत्या सालीं बंद पडली, या तीन गोष्टी नकलेंत अवश्य असाव्या. तेवढें साधन जमलें म्हणजे आमच्या कलांचा इतिहास दात्यांच्या स्तुतीवरून लिहावा लागणार नाहीं. तो त्यांच्या खर्चाच्या वहीवरून लिहितां येईल.